धुरा कुणी घातला?

दोन भावांच्या वाटणीत धुऱ्याचे भांडण निघाले, की बाहेरच्या माणसाला वाटते वीतभर जमिनीसाठी डोकी फोडायला निघालेत. आपल्याला आतली गोष्ट ठाऊक असते. भांडण वीतभर जमिनीचे नसते, विहीर कोणत्या अंगाला गेली याचे असते. ज्याच्या वाटणीला विहीर आली त्याची मिरची पिकते, ज्याच्या वाटणीला आली नाही तो मृगाची वाट पाहतो. मग दहा वर्षांनी पहिला भाऊ पारावर बसून सांगतो, धाकटा आळशी आहे.

शाळांच्या बाबतीत नेमके हेच भांडण अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात १९६८ सालापासून कोर्टात लढले गेले. एका पिढीची मुले शाळेतून बाहेर पडून बाप झाली, तरी ते मिटले नव्हते. जिल्हा मेळाव्याच्या अंकात अमेरिकेतल्या शाळांचे काय काम, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर आधी देतो.

टेक्सास हा आपल्यासारखाच कापसाचा आणि ज्वारीचा मुलूख आहे. अमेरिकेत सर्वांत जास्त कापूस तिथे होतो आणि ज्वारीत पहिल्या दोन राज्यांत त्याचे नाव असते. लबक शहराभोवतीच्या पठारावर कितीतरी कापूस निव्वळ पावसावर उभा असतो. कृषी महाविद्यालयात आम्हाला काळी कापसाची माती ‘व्हर्टिसॉल’ या वर्गात शिकवली. उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसात फुगणारी, बैलाच्या खुराला चिकटणारी. टेक्सासच्या ब्लॅकलँड पट्ट्यातली माती त्याच वर्गातली. तेव्हा ही गोष्ट परक्या देशाची असली तरी परक्या मातीची नाही. आणि शाळेचा पैसा कुणी द्यायचा, हा प्रश्न आपल्या गावातही दर जूनला उभा राहतो.

पैसा येतो कुठून?

अमेरिकेत सरकारी शाळा चालवणारी जी स्थानिक संस्था असते, तिला ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ म्हणतात. डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे. एखादे खेडे आणि भोवतालची शेते, किंवा शहराचा एक भाग, एवढीच त्याची हद्द असू शकते. टेक्सासमध्ये अशी हजाराच्या वर क्षेत्रे आहेत. आपण त्याला शाळाक्षेत्र म्हणू. प्रत्येक शाळाक्षेत्राचे स्वतःचे निवडून आलेले मंडळ असते आणि आपल्या हद्दीतल्या घरांवर, दुकानांवर, कारखान्यांवर, तेलविहिरींवर आणि शेतांवर कर बसवण्याचा त्याला अधिकार असतो. राज्य सरकार काही रक्कम देते. उरलेला पैसा या करातून उभा राहतो.

आता हिशेब करू. समजा शेजारी शेजारी दोन गावे आहेत. पहिल्या गावाच्या हद्दीत शाळेतल्या दर मुलामागे दहा लाखांची मालमत्ता आहे, दुसऱ्या गावात दर मुलामागे एक लाखाची. दोन्ही गावांनी शंभराला एक रुपया कर बसवला. पहिल्या गावाला मुलामागे दहा हजार मिळाले, दुसऱ्याला एक हजार. दुसऱ्या गावाने पोटाला चिमटा घेऊन कर दुप्पट केला. तरी झाले दोनच हजार. पहिल्या गावाने कर निम्मा केला, तरी त्याच्याकडे पाच हजार राहिले. म्हणजे जास्त दराने कर भरणाऱ्याची शाळा गळकी आणि कमी दराने भरणाऱ्याची टुमदार. यात कुणी चोरी केली नाही, कुणी लाच खाल्ली नाही. धुरा जिथे घातला तिथे घातला, बाकीचे काम गणिताने केले.

पत्राकाम करणाऱ्या बापाचा दावा

आमचे ‘समजा’ टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात अक्षरशः खरे होते. शहराच्या पश्चिमेला एजवूड नावाचे शाळाक्षेत्र, वस्ती बहुतेक मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांची, मुले सुमारे बावीस हजार. त्याच शहरात अलामो हाइट्स हे सुखवस्तू लोकांचे शाळाक्षेत्र, मुले सुमारे पाच हजार. १९६७-६८ सालचे आकडे कोर्टाच्या निकालपत्रातच आहेत. एजवूडमध्ये मुलामागे मालमत्ता ५,९६० डॉलरची, अलामो हाइट्समध्ये ४९,००० डॉलरच्या वर. एजवूडचा कर शंभर डॉलरला १ डॉलर ५ सेंट, शहर परिसरात सर्वांत जास्त. अलामो हाइट्सचा ८५ सेंट. राज्याच्या योजनेत भरायचा वाटा वजा जाता एजवूडला स्वतःच्या करातून मुलामागे २६ डॉलर उरत होते, अलामो हाइट्सला ३३३. राज्याची आणि केंद्राची मदत धरूनही एजवूडच्या मुलामागे ३५६ डॉलर आणि अलामो हाइट्सच्या मुलामागे ५९४.

मे १९६८ मध्ये एजवूडच्या विद्यार्थ्यांनी मोडक्या इमारती आणि शिक्षकांची वानवा यांविरुद्ध वर्ग सोडून मोर्चा काढला. त्यामागोमाग पालक कोर्टात गेले. त्यांचा म्होरक्या डेमेट्रिओ रॉड्रिग्ज, हवाई दलाच्या तळावर पत्राकाम करणारा माणूस. १९७१ साली खालच्या कोर्टाने पालकांच्या बाजूने निकाल दिला. राज्य सरकार वर गेले. २१ मार्च १९७३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी पालकांचा दावा फेटाळला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांनी लिहिला. त्याचा मथितार्थ असा : शिक्षण हा देशाच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, स्थानिक लोकांच्या हाती शाळेचा कारभार राहावा हा राज्याचा हेतू गैर नाही, आणि पद्धत सुधारायची तर ती कायदेमंडळाने सुधारावी. न्यायमूर्ती थर्गूड मार्शल यांनी कडाडून विरोधी मत नोंदवले. ज्या क्षेत्राकडे कर बसवायला मालमत्ताच नाही, त्याला शाळेवर किती खर्च करायचा हे ठरवण्याचे स्वातंत्र्य आहे असे म्हणण्यात काय अर्थ, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता.

‘स्थानिक स्वातंत्र्य’ हा शब्द आम्हालाही प्रिय आहे. मुंबई-दिल्लीतून गावचा कारभार चालू नये असे आम्ही वर्षानुवर्षे म्हणत आलो. म्हणूनच एजवूडचा निकाल आम्ही दोनदा वाचला. विहीर एकाच्या हद्दीत ठेवायची आणि दोघांनाही सांगायचे की आपापले ओलीत आपापल्या मर्जीने करा, हे स्वातंत्र्य कसले?

जिंकूनही हाती काय?

देशाचा दरवाजा बंद झाला, तेव्हा १९८४ साली पालक आणि गरीब शाळाक्षेत्रे राज्याच्या कोर्टात गेली. टेक्सासच्या १८७६ सालच्या घटनेत सर्वांसाठी मोफत शाळांची ‘कार्यक्षम’ व्यवस्था करणे हे कायदेमंडळाचे कर्तव्य सांगितले आहे. त्या एका शब्दावर दावा उभा राहिला. ऑक्टोबर १९८९ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य असा निकाल दिला, की ही व्यवस्था कार्यक्षम नाही. निकालपत्रातले दोन आकडे मेळाव्यात फळ्यावर लिहावेत असे आहेत. सर्वांत गरीब शंभर शाळाक्षेत्रे शंभर डॉलरला सरासरी ७४.५ सेंट कर लावत आणि मुलामागे २,९७८ डॉलर खर्च करू शकत. सर्वांत श्रीमंत शंभर शाळाक्षेत्रे ४७ सेंट कर लावत आणि ७,२३३ डॉलर खर्च करत. सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत गरीब क्षेत्र यांच्यातले मालमत्तेचे अंतर सातशेला एक होते.

निकाल लागला म्हणून पेढे वाटून घरी जाणाऱ्यांनी पुढचे ऐकावे. कायदेमंडळाने १९९० साली केलेला पहिला कायदा कोर्टाने १९९१ च्या जानेवारीत रद्द केला. मग दुसरी युक्ती निघाली. जुन्या क्षेत्रांचे धुरे न मोडता त्यांच्यावरून १८८ मोठी करक्षेत्रे आखायची आणि मोठ्या क्षेत्रातला कर आतल्या सगळ्या शाळांत वाटायचा. श्रीमंत क्षेत्रे कोर्टात गेली. जानेवारी १९९२ मध्ये हाही कायदा पडला, कारण राज्याने असा मालमत्ता कर बसवणे राज्याच्याच घटनेत बसत नव्हते आणि लोकांचे मतही घेतलेले नव्हते. मग घटनादुरुस्ती लोकांपुढे ठेवली. १ मे १९९३ रोजी लोकांनी ती फेटाळली.

त्याच महिन्यात तिसरा कायदा झाला. लोकांनी त्याचे नाव ‘रॉबिन हूड’ ठेवले, श्रीमंताला लुटून गरिबाला देणाऱ्या गोष्टीतल्या दरोडेखोरावरून. मुलामागे २,८०,००० डॉलरपेक्षा जास्त मालमत्ता असलेल्या शाळाक्षेत्रापुढे पाच वाटा ठेवल्या : दुसऱ्या क्षेत्रात विलीन व्हा, आपल्या हद्दीतली काही मालमत्ता तोडून गरीब क्षेत्राच्या हद्दीत द्या, जादा पैसा राज्याला भरा, दुसऱ्या क्षेत्रातल्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च उचला, किंवा दोघांचा करपाया एक करा. पाचांपैकी कोणतीच वाट धरली नाही, तर शिक्षण आयुक्त स्वतः धुरा सरकवतील. जानेवारी १९९५ मध्ये हा कायदा कोर्टात टिकला. बहुतेकांनी पैसे भरण्याची वाट धरली. धुरा हलवण्यापेक्षा पाण्याची पाळी द्यायला माणूस लवकर तयार होतो, हे आपणही पाहिले आहे.

धुरा सरकवण्याची धमकी पोकळ नव्हती, हे २०१६ साली ह्यूस्टन शहरात दिसले. त्या शाळाक्षेत्रातली बहुसंख्य मुले गरीब घरची, पण हद्दीत मोठमोठ्या कचेऱ्या आणि बाजारसंकुले, म्हणून कायद्याच्या हिशेबात ते श्रीमंत. नोव्हेंबरात मतदारांनी पैसे भरायला नकार दिला. शिक्षण खात्याने लगेच महागड्या इमारतींच्या याद्या काढल्या. त्या शेजारच्या ऑल्डीन शाळाक्षेत्राच्या हद्दीत टाकायच्या, म्हणजे त्यांचा कर कायमचा तिकडे. ऑल्डीनचा कर जास्त, त्यामुळे इमारतींचे मालकही धास्तावले. मधल्या काळात राज्याने हिशेबाची पद्धत बदलून देणे कमी केले आणि मे २०१७ मध्ये त्याच मतदारांनी पैसे भरायला होकार दिला.

आम्ही या कायद्याची आरती ओवाळत नाही. कागदावर श्रीमंत आणि घरात गरीब अशा मुलांचा पैसाही त्यात बाहेर जातो. २००५ साली राज्याच्या कोर्टाने कराच्या मर्यादेवरून सगळी पद्धत पुन्हा रद्द ठरवली, आणि २०१६ साली मात्र सहाशेहून जास्त शाळाक्षेत्रांचा दावा फेटाळून पद्धत कशीबशी घटनेत बसते असे सांगितले. एका धुऱ्याच्या पोटी किती पिढ्यांची वकिली फी जाते, तेवढे लक्षात घ्यावे.

रोखे आणि मत

रोजचा खर्च झाला. इमारतीचे काय? शाळा बांधायची तर शाळाक्षेत्र कर्जरोखे काढते. आधी मतदारांची मंजुरी घ्यावी लागते. मंजुरी मिळाली की रोखे विकून पैसा उभा करायचा आणि वीस-तीस वर्षे हद्दीतल्या मालमत्तेवर वेगळा कर लावून तो फेडायचा. ‘रॉबिन हूड’ कायद्याची वाटणी या इमारतीच्या कराला लागू नव्हती. म्हणजे शिक्षकाच्या पगाराची विहीर थोडी सामायिक झाली, भिंतींची आणि छपराची झाली नाही. १९९७ साली राज्याने गरीब क्षेत्रांच्या इमारतकर्जाला मदत देणारी योजना आणली, पण ती नंतरची मलमपट्टी.

या मंजुरीत मत कुणाचे, यावरही कज्जे झाले, आणि इथे शेतकऱ्याने स्वतःकडे पाहिले पाहिजे. कर मालमत्तेवर बसणार, तर मतही मालमत्तावाल्याचेच हवे, असे बऱ्याच राज्यांत मानले जाई. भाडेकरू आणि मजूर हात वर करून मोकळे होतील आणि हप्ता आमच्या शेतावर बसेल, हा जमीनधारकाचा धाक. धाक अगदी खोटा नव्हता. पाऊस पडला नाही म्हणून रोख्याचा हप्ता थांबत नाही, कापसाचा भाव पडला म्हणून कर अर्धा होत नाही. पण १९६९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळाक्षेत्राच्या निवडणुकीत मत फक्त मालमत्तावाले आणि मुलांचे पालक यांच्यापुरते ठेवणे रद्द केले. १९७५ साली टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ शहराच्या खटल्यात रोख्यांच्या मतदानातली मालमत्तेची अटही गेली. मालमत्तेवरचा कर भाड्यातून भाडेकरूही भरतोच, आणि शाळेत मूल त्याचेही जाते. आम्हाला हा निकाल बरोबर वाटतो. सालदाराच्या पोराची शाळा ठरवताना सालदाराला बाहेर उभे करणारा शेतकरी उद्या कोणत्या तोंडाने न्याय मागेल?

उलट बाजूही नोंदवतो. वेस्ट व्हर्जिनियात रोख्यांना शंभरात साठ मते लागत. १९६८ साली एका ग्रामीण क्षेत्रात निम्म्याहून जास्त लोकांनी होकार देऊनही शाळेचे रोखे पडले. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने साठाची अट वैध ठरवली. बहुमत असूनही शाळा झाली नाही.

शेतकऱ्याचा धाक दूर करण्याचा खरा मार्ग टेक्सासने वेगळ्या ठिकाणी शोधला. १९७८ सालच्या घटनादुरुस्तीने शेतजमिनीवरचा कर तिच्या बाजारभावावर न बसवता तिच्यातून निघणाऱ्या उत्पन्नावर बसवण्याची सोय झाली. शहर वाढत आले आणि जमिनीचा भाव आकाशाला भिडला, तरी कापसाचे उत्पन्न तेवढेच असते, हे त्यांनी मान्य केले. मजुराचे मत काढून घेण्यापेक्षा कराचा पाया सरळ करणे केव्हाही बरे.

आपला हिशेब

आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा पगार गावच्या घरपट्टीतून होत नाही. तो राज्याच्या तिजोरीतून येतो. त्यामुळे एजवूडचा दावा जसाच्या तसा आपला नाही. ही आपली कमाई आहे आणि ती सहज हातची जाऊ देता कामा नये. पण धुरा आपल्याकडेही दोन दारांनी आत येतो.

पहिले दार लोकवर्गणीचे. शाळेला रंग द्या, संगणक घ्या, खोलीवर पत्रे टाका, गावाने वर्गणी काढा. ज्या गावात कारखाना आहे, नोकरदार आहेत, त्या गावाची वर्गणी आठ दिवसांत जमते. ज्या गावात निव्वळ कोरडवाहू कापूस आणि मजुरी आहे, तिथे मास्तर सहा महिने दारोदार फिरतात. मग पहिल्या शाळेचा फोटो पेपरात येतो आणि दुसऱ्या गावाला उदासीन म्हणतात. एजवूडलाही तेच म्हणत असतील. वर्गणी वाईट नाही, आम्हीही दिली आहे. पण वर्गणी ही शाळेची शोभा असावी. छप्पर, शौचालय आणि पिण्याचे पाणी वर्गणीवर सोडले, की गावची ऐपत हाच मुलाचा नशिबाचा धुरा होतो.

दुसरे दार शाळा एकत्र करण्याचे. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा मिळून ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव शिक्षण खात्याने मागवले. एकत्र येणे नेहमीच वाईट असते असे नाही. टेक्सासनेही १९४९ सालच्या कायद्यांनी सुमारे साडेचार हजार शाळाक्षेत्रे २,९०० वर आणली. पण शिक्षणहक्क कायद्याखालच्या आपल्या राज्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत सांगितली आहे. ती रेघ सरकवताना वाहन कोण देणार, पावसाळ्यात नाला ओलांडून पोरगी कशी जाणार, आणि हे ठरवताना त्या पाड्याला विचारले का, याचे लेखी उत्तर मिळाले पाहिजे.

म्हणून तालुक्याच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एका कागदावर चार गोष्टी लिहून आणाव्यात : शाळेचा पट, बसण्याजोग्या खोल्या, मंजूर आणि हजर शिक्षक, आणि गेल्या पाच वर्षांत काढलेली लोकवर्गणी. कापूस विकल्यावर आपण कडती आणि हमाली धरून पै न् पैचा हिशेब लावतो. शाळेचा हिशेब मात्र मास्तरांवर सोडून देतो. पाच-पन्नास गावांचे कागद शेजारी शेजारी ठेवले, की धुरा कुठून गेला आहे आणि विहीर कोणत्या अंगाला राहिली आहे, ते आपोआप दिसेल. एजवूडच्या पालकांनी सुरुवात अशीच केली होती, शेजारच्या क्षेत्राचा आकडा आपल्या आकड्याशेजारी मांडून. त्यांना पंचवीस वर्षे लागली. आपण कागद तरी या बैठकीला आणू.